हर्ब पॅस्कोचे तीन कार्बोरेटर

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा डेस हा बॉनेट उघडं टाकून मिरवणाऱ्यांपैकी आहे. पबसमोर गाडी थांबली की आधी बॉनेट वर, मग हा आत. येणाऱ्याजाणाऱ्याला त्याचे तीन कार्बोरेटर दिसलेच पाहिजेत. इंजिनाला काय हवंय हे त्याला कधी कळलं नाही. माझ्या बहिणीला काय हवंय हे तरी कुठे कळलंय, पण तो विषय वेगळा.

सहा सिलिंडर एका रांगेत असलेल्या आमच्या जुन्या होल्डन बनावटीच्या गाड्यांना मुळात एकच कार्बोरेटर असतो, हवा ओढून पेट्रोलमध्ये मिसळणारा. तीन बसवायचे तर तिघांनी सारखा श्वास घ्यायला हवा, नाहीतर इंजिन उचक्या देतं. रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं, आतला सुस्कारा ऐकायचा, स्क्रू किंचित फिरवायचा, पुन्हा ऐकायचं. याला चिकाटी लागते. आमच्या वारापिन गावच्या मर्दांकडे ती नाही. ते कडेच्या दोघांखाली पत्र्याच्या चकत्या घालून त्यांची वाट बंद करतात आणि मधल्या एकावर गाडी हाकतात. वरून मात्र तिन्ही चकाचक! असल्या थेरांची मला किळस येते.

या गव्हाच्या मुलखात पहिल्यांदा तीन बसवले ते माझ्या बाबांनी, हर्ब पॅस्कोंनी. ते गेल्यावर गावच्या मोटार क्लबने सगळ्यात चांगल्या तीन कार्बोरेटरांसाठी त्यांच्या नावाचा चषक ठेवला, आणि यंदा परीक्षक मी. बाबांनी मला घर ठेवलं नाही की शेत. ती हिरवी गाडी ठेवली आणि हे नाव. त्याला कोणी बोट लावलेलं मला खपत नाही.

पेरणीच्या आधीच्या रविवारी मैदानावर गाड्या ओळीने लागल्या. आजवरचे परीक्षक नुसते बघायचे, मान डोलवायचे आणि सॉसेज खायला पळायचे. मी तशी नाही. चालू इंजिनाच्या कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात ठेवला की जिवंत असलेला तो ओढून धरतो आणि इंजिन गुदमरतं. मेलेल्याला हाताचा पत्ताच नसतो. मी सरळ डेसच्या गाडीपाशी गेले.

"चालू कर."

"हात कशाला घालतेस, मर्ल? काळा होईल."

"माझ्या हाताची काळजी मला आहे. तू किल्ली फिरव."

पहिल्यावर हात ठेवला. काही नाही. तिसऱ्यावर ठेवला. काही नाही. मधल्याने मात्र असा ओढला की इंजिन धापा टाकायला लागलं.

"दोन मेलेत रे तुझे!" सॉसेजच्या शेगडीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले. "मढ्यांना पॉलिश करून आणलंस होय?"

सगळे हसले. दोघातिघांनी हसताहसताच आपापली बॉनेटं हळूच खाली घेतली. भित्रे मेले.

डेसचे कान लाल झाले. आता हा काहीतरी थाप मारणार, असं मला वाटलं. तो एवढंच म्हणाला, "आता म्हाताऱ्याचे बघ."

बाबांची गाडी मांडवाखाली होती, स्पर्धेबाहेर, मानाने. माझी बहीण नोएला धावत आली आणि तिने डेसची बाही धरली.

"राहू दे ना, डेस. चल घरी."

नवऱ्याची अब्रू झाकायला निघाली! मला तिचाही राग आला.

"बघते की," मी म्हणाले. "या रे सगळे. खरं काम कसं असतं ते डोळे उघडून बघा."

बाबांच्या कार्बोरेटरांच्या तोंडांवर जाळीची झाकणं होती. ती काढायची नाहीत असा त्यांचा हुकूम होता, आणि त्यांच्या पश्चात त्या इंजिनाला पान्हा लावायची कोणाची छाती झाली नव्हती. माझीही नाही. मी स्वतः झाकणं काढली, किल्ली फिरवली आणि पहिल्यावर हात ठेवला.

काही नाही.

दाबून ठेवला. इंजिन आपलं नेहमीसारखंच एका लयीत चालत होतं. तिसराही तसाच, थंड आणि मुका. नळी कानाला लावून डोळे मिटून उभे असलेले बाबा मला आठवले. आवाज होऊ नये म्हणून सारं गाव श्वास रोखून उभं राहायचं. काय ऐकत होते ते?

"काय मर्ल, ओढतात का?" मागून कोणीतरी विचारलं.

"ओढतात," मी म्हणाले. "हात सुटत नाहीये."

डेस पुढे आला. आता तो बोलणार, सगळ्यांसमोर बोलणार. त्याच्या जागी मी असते तर बोललेच असते. त्याने तिसऱ्यावर आपला पंजा ठेवला आणि चटका बसल्यासारखा झटकन मागे घेतला.

"बाप रे! कातडं सोलतोय हा म्हातारा!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग वाकून झाकणं बसवताना तो माझ्या कानाशी म्हणाला, "चकत्या कापायला त्यांनीच शिकवलं मला, मर्ल."

आता या माणसाचे उपकार! याचे! निदान तो हसला असता तरी बरं झालं असतं. हसलासुद्धा नाही.