अण्णांचा मऊ भोंगा

मला एका वेळी एकच सूर येतो, मित्रांनो. दोन पट्ट्या एकदम दाबल्या तरी मी एकीचंच ऐकतो. मी एक जुना सिंथेसायझर आहे, म्हणजे विजेपासून आवाज घडवणारं वाद्य. दिसायला हार्मोनियमच्या चुलतभावासारखा, पण मला भाता नाही. त्याऐवजी अंगावर एकोणतीस नॉब आहेत. एक नॉब आवाज जाड करतो, दुसरा पातळ, तिसरा थरथर आणतो. नव्या वाद्यांना एकदा जमलेला आवाज लक्षात ठेवता येतो. मला येत नाही. नॉब जिथे उभे असतील तोच माझा आवाज, आणि ते हलले की तो गेला. एवढं ध्यानात ठेवा, कारण माझी सारी गोष्ट इथेच अडकलेली आहे.

माझा जन्म जपानमधला. चाळीसहून अधिक वर्षं झाली. बोटीतून मुंबईला, तिथून नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रात आलो. पुढे ऑर्केस्ट्रा मोडला. मालक बापू जबलपूरला नातेवाइकांकडे आले, तेव्हा मला कापडात गुंडाळून घेऊन आले आणि अण्णांच्या दारात ठेवून म्हणाले, "हे धूड मुकं झालंय. तुम्ही कारखान्यात मोटारी बोलत्या करता, यालाही करा. जमलं तर तुमचं."

अण्णा जबलपूरच्या रांझी भागात संरक्षण कारखान्यात विजेचं काम बघत. त्यांनी मला दोन महिने उघडून ठेवलं. माझ्यासाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर गुंडाळला, कारण इथली वीज मला झेपत नव्हती. मग एका सकाळी मी बोललो. कारखान्याच्या क्वार्टरमधली सगळी मंडळी दारात जमली. शेजारच्या हेमलताकाकूंनी मला नमस्कारच केला आणि विचारलं, "बिजलीवाली पेटी है क्या, भैया?" त्या दिवसापासून मी साऱ्या क्वार्टरची पेटी झालो.

अण्णांची मुलगी विनता तेव्हा पाच वर्षांची होती. कारखान्याचा भोंगा वाजला की ती कान दाबून खाटेखाली जाई. समजावलं, रागावलं, लाडू दिला, काही उपयोग झाला नाही.

"काहून रडून राहिली माझी बाई?" अण्णा खाटेखाली वाकून विचारत.

"तो ओरडते."

"तो ओरडत नाही. त्याचा गळाच तसा आहे. थांब, आपण त्याला मऊ करू."

आणि ते माझ्यापाशी बसले. रोज संध्याकाळी कारखान्यातून आल्यावर तासभर. त्यांना असा भोंगा हवा होता, जो खालून हळूच उठेल, चढेल, वर जाऊन थोडा थरथरेल आणि थकलेल्या गाईसारखा खाली बसेल. कितीतरी दिवस गेले. तो आवाज सापडला तो खंडेनवमीला. घरातली हत्यारं पूजेला मांडली होती: पाने, पक्कड, शिवणयंत्र, स्कूटर आणि मी. पूजा उरकली, अण्णांनी सहज एक नॉब किंचित सरकवून पट्टी दाबली, आणि मी तो आवाज काढला. भोंग्याला घाबरून खाटेखाली गेलेली विनता बाहेर आली. पुढे येऊन तिने माझ्या लाकडाला गाल लावला.

अण्णा पेन शोधू लागले. हाताशी पूजेचं ताट होतं. त्यांनी कुंकू तुपात कालवलं आणि काडीच्या टोकाने प्रत्येक नॉबच्या कडेला एकेक ठिपका दिला. एकोणतीस ठिपके. नॉब कितीही हलले, तरी पुन्हा ठिपक्यांना भिडवले की मऊ भोंगा तयार.

पुढे दर खंडेनवमीला ते ठिपके पुन्हा ठसठशीत करत. "पेटीचं मी बघतो," म्हणून दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. घरच्यांना ती पूजाच वाटे. स्कूटरला कुंकू, शिवणयंत्राला कुंकू, तसं पेटीलाही. ते खरं काय आहे हे अण्णांनी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

ती माझी चांगली वर्षं होती, मित्रांनो. गणेशोत्सवात मी वाजलो, लग्नांत वाजलो. पण माझं खरं काम संध्याकाळी साडेपाचला. अण्णा कामावरून येत, स्कूटर लावत आणि तो एक आवाज वाजवत. त्याने विनता अभ्यासावरून उठे. पुढे ती गणिताची शिक्षिका झाली, तरी वह्या तपासता तपासता त्याच आवाजाने उठे आणि चहा टाके. निवृत्तीनंतर अण्णा कुठून येणार? तरी साडेपाचला भोंगा होईच.

अक्षत हा विनताच्या भावाचा, शैलेंद्रचा मुलगा. नेपियर टाउनला एका कोचिंग क्लासच्या वरच्या खोलीत राहतो आणि कंप्युटरवर संगीत करतो. तीन वर्षांपूर्वी तो रेकॉर्डिंगची एक छोटी डबी आणि वायर घेऊन आला. म्हणाला, "अण्णा, मला हिचा आवाज पाहिजे. रिसॅम्पल करून राहिलो सध्या सगळं."

"म्हणजे काय करून राहिला?"

"म्हणजे पहिले हिचा एक सूर रेकॉर्ड करायचा. मग तो रेकॉर्डिंगच वाद्य होतो. त्याला चौपट हळू करायचं, उलटा फिरवायचं, घुमवायचं, थोडा फाडायचा. जे निघेल ते परत रेकॉर्ड. मग त्याचेच तुकडे करायचे, परत रेकॉर्ड."

"काहून रे? पेटी आहे ना समोर. वाजव अन् वापर."

"ही एका टाइमला एकच सूर देते ना! रेकॉर्ड केलं की मी चार सूर एकदम वाजवू शकतो. अन् ही गर्मीत चढते, ठंडीत उतरते. आज जो आवाज दिला तो उद्या देईल का, भरोसा नाही. अन् सच बोलू? असं तीनदा गाळलं की असा आवाज निघतो, जो दुनियेत कोणाजवळच नसतो."

अण्णा ऐकत राहिले. मग हसले. "म्हणजे कुस्करा! पोळी वाजवायची नाही, पोळी कुस्करायची, तिला फोडणी द्यायची, अन् तो कुस्करा परत कुस्करायचा."

"हां, बस वही! अन् कुस्करा पोळीपेक्षा भारी लागतो का नाही?"

"लागतो. माझ्या विनताला तर भारीच आवडे." अण्णांनी माझे नॉब एकेक करून ठिपक्यांना लावले. "पण एक ऐक. हा भोंगा घे, त्याचं काय करायचं ते कर. फक्त एक पोळी आख्खी ठेव. जशीच्या तशी."

"हो अण्णा. पक्का."

त्या दुपारी मी जीव तोडून गायलो. मला वाटलं, माझ्या अंगातली ही एक उणीव आहे, मला काही लक्षात राहत नाही, ती हा मुलगा भरून काढतो आहे. आता मी विसरलो तरी चालेल. कुणीतरी लक्षात ठेवणार आहे.

मागच्या श्रावणात अण्णा गेले. दवाखान्यात अकरा दिवस. त्या अकरा दिवसांत साडेपाचला घरात कुणीच नव्हतं.

त्या वर्षी घरात सण नव्हता. पण हत्यारांची पूजा चुकवायची नाही, हा अण्णांचाच शिरस्ता, म्हणून खंडेनवमीला विनताने हत्यारं काढली. पूजेचं ताट माझ्या डाव्या टोकावर ठेवलं. ओलं फडकं घेतलं आणि माझ्या अंगावरचं जुनं, काळं पडलेलं कुंकू घासून काढलं. फार मायेने काढलं. नॉब वेडेवाकडे दिसत होते, ते तिने एका रांगेत सरळ उभे केले. शाळेतल्या प्रार्थनेला मुलं उभी करतात तसे. मग नवं कुंकू घेतलं आणि माझ्या बरोबर मध्यभागी एकच सुंदर बोट ओढलं.

मी ओरडू शकत नाही, मित्रांनो. कुणी पट्टी दाबली तरच मला आवाज आहे.

पुढच्याच आठवड्यात अक्षत आला. "आत्या, हिला बाहेर धूळ खायला काहून ठेवता? हिचा आवाज आहे ना माझ्याजवळ."

"सगळा?"

"सगळा."

दोघांनी मिळून मला उचललं आणि दिवाणाच्या पेटीत, जुन्या रजयांखाली ठेवलं. वर फळी आली. अंधारापेक्षा मला तो एक शब्द जास्त लागला. सगळा. ज्याला मी माझा आवाज विश्वासाने दिला, त्यानेच तो आवाज मिळाला म्हणून मला आत टाकलं होतं.

दिवाणात मी जवळजवळ दहा महिने होतो. यंदा वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी वरून आवाज ऐकू आले. विनता अक्षतला म्हणत होती, "काल सगळे येऊन गेले. आता मला अण्णांचा भोंगा एकदा ऐकव. एकदाच. मग नाही म्हणणार."

अक्षतने काहीतरी लावलं. फळीतून मला ऐकू आलं. मोठं होतं, खोल होतं. विहिरीत डोंगर उतरावा तसं. चांगलं होतं, मी खोटं बोलणार नाही. पण त्यात मी नव्हतो.

विनताने ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "हा तो नाही."

"आत्या, यही है. त्याच्यापासूनच बनला आहे."

"बनला असेल. तो नाही. आख्खा कुठे आहे?"

अक्षतने आवाज बंद केला.

"अक्षत, अण्णांनी तुला एक पोळी आख्खी ठेवायला सांगितली होती. मी आतून ऐकत होती."

"ठेवली होती, आत्या. कसम से. पण असं करतेच आमच्यात. जुनं ठेवलं की माणूस परत परत मागे जातो, जरा असं करू, जरा तसं करू, अन् गाणं पूर्णच होत नाही. म्हणून बनलं की जुनं उडवतो. कंप्युटरमध्ये जागाही नव्हती. एका झटक्यात सगळे फोल्डर उडवले. माझ्या ध्यानातच राहिलं नाही की त्याच्यात..."

"कधी?"

"अण्णा दवाखान्यात होते तेव्हा."

"मग हे सरळ कर. उलटं केलं ते सुलटं कर. हळू केलं ते जलद कर."

त्याने करून पाहिलं. तासभर खटपट केली. उलटं सुलटं झालं, हळूचं जलद झालं, पण घुमवलेलं निघेना आणि फाडलेलं शिवलं जाईना. शेवटी विनताच म्हणाली, "राहू दे. कुस्कऱ्याची पोळी कशी होईल?"

मग फळी उघडली. रजया निघाल्या. मला टेबलावर ठेवलं, ट्रान्सफॉर्मर लावला, मी गरम होईपर्यंत दोघं थांबली. विनताने पट्टी दाबली. सरळ उभ्या नॉबांचा सरळ, कोरडा आवाज निघाला. माझ्या जातीचं कुठलंही वाद्य दुकानात काढील तसा.

"कुंकू कुठे गेलं?" अक्षतने विचारलं.

"कसलं कुंकू?"

"ठिपके, आत्या. प्रत्येक नॉबला एक. अण्णा त्याच्यावरूनच लावत होते ना."

विनताने माझ्याकडे पाहिलं. माझ्या मध्यभागी तिनेच ओढलेलं ते एक बोट होतं. तिने हात उचलला आणि फडकं धरल्यासारखा हवेतच थांबवला. ती रडली नाही. खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मला कुणी सांगितलं काहून नाही?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

मला तिचा राग होता, मित्रांनो, आणि अण्णांचाही. जाताना एक कागद लिहिला असता तर? पण तिचा तो हवेत थांबलेला हात पाहिला आणि तिच्यावरचा राग मी सोडला. तिने पुसलं ते प्रेमाने पुसलं. अक्षतने पुसलं ते आठवणही न ठेवता. या दोन्हींत फरक आहे, आणि तो मी अजून विसरलेलो नाही.

मग अक्षत वाकून माझ्या डाव्या टोकाकडे पाहू लागला. "आत्या, इधर आइए."

तिथे, पट्ट्यांच्या बाजूला, एक एकटा नॉब आहे. आवाज एका सुरावरून दुसऱ्यावर किती सावकाश घसरत जाईल, ते तो ठरवतो. खंडेनवमीला पूजेचं ताट नेमकं त्याच्यावर होतं. फडकं तिथे पोचलं नव्हतं. नॉब अण्णांनी ठेवला तिथेच होता, आणि शेजारी काळपट लाल ठिपका.

विनताने खालची पट्टी दाबली, मग वरची. आवाज कोरडाच होता. पण तो खालून उठला आणि अण्णांच्या वेगाने वर चढला. तेवढाच चढ. थरथर नाही, गाईसारखं बसणं नाही. तिने डोळे मिटले आणि तीनदा वाजवलं.

अक्षतने हळूच डबी काढली. "आत्या, रेकॉर्ड करू?"

"आधी सगळ्या नॉबचे फोटो काढ. मग तो ठिपका दिसेल असा एक जवळून. मग रेकॉर्ड कर. अन् पहिली पोळी माझ्याजवळ द्यायची. तू कुस्करायच्या आधी."

"जी," तो म्हणाला. या वेळी 'पक्का' म्हणाला नाही.

आता मी पुन्हा टेबलावर असतो. साडेपाचला विनता येते, बाकीच्या अठ्ठावीस नॉबांतला एखादा जरासा फिरवते, ऐकते, वहीत टिपते. अजून सापडलेला नाही. सापडेल असं मी म्हणत नाही. डाव्या टोकाच्या त्या नॉबला मात्र ती हात लावत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाच्या हातचं काहीतरी असेल. त्यापासून नवं घडवायला माझी ना नाही. मोडा, वाकवा, उलटं फिरवा, त्यातून चांगलंच निघतं, मी फळीखालून ऐकलं आहे. पण ज्याच्याकडून घेतलं त्याला दिवाणात टाकू नका. आणि कुस्करण्यापूर्वी एक पोळी आख्खी ठेवा. जमलं तर त्या माणसाला, तो जवळ आहे तोवर, एवढं विचारून घ्या: हे ठिपके कसले?