फोटोच्या पुढं कुणी जायचं नाही

आमच्या गावच्या हुतात्मा फेरीचा मी चिटणीस. म्हणजे फेरी कुठून निघून कुठं संपायची, ते कागदावर मी लिहायचो आणि ठरवायचे सरपंच हंबीरराव.

एकाहत्तरच्या लढाईत आमच्या शिराळा भागातला आकाराम पडला. तेव्हापासून दर सोळा डिसेंबरला त्याच्या नावानं फेरी निघे. एसटीच्या थांब्यावरून सुटायची ती थेट हंबीररावांच्या मळ्यात, शिरा-चहाच्या मांडवात. आकाराम त्या मळ्यात जन्मात एकदाच गेला होता, तेही ऊस मोडला म्हणून कानफटात खायला.

त्याचं घर ओढ्यापलीकडं. त्याची आई अंबूबाई दर वर्षी माझ्याकडं येई.

"मास्तर, एक डाव माज्या दारात आणा की त्येला. नुसती ट्रंक आली बगा. भाकरतुकडा ओवाळायचा ऱ्हायलाय."

रजेवर आलेल्या जवानावरून भाकरतुकडा ओवाळून टाकल्याशिवाय आमच्याकडं त्याला उंबरा ओलांडू देत नाहीत. फेरीत मिरवायचा त्याचा फोटोसुद्धा तिच्याच घरातून नेलेला, पण तो एरवी पंचायतीच्या भिंतीवर.

मी हंबीररावांच्या कानावर घालायचो. ते म्हणायचे, "वड्याला पानी हाय. पावनं भिजत्याल." मी मान डोलवायचो. सरपंचापुढं मास्तरची मान तेवढ्याच कामाची.

फेरीचा नियम एकच. फोटोच्या पुढं कुणी जायचं नाही, सगळ्यांनी मागून चालायचं. नियम हंबीररावांचाच, कारण फोटो तेच धरत आणि पेपरात छापूनही तेच येत.

पंच्याहत्तर साली सांगलीहून एक साहेब आले, सोबत पेपरवाला. फोटो वीरमातेच्या हातात शोभेल, असं पेपरवाल्याला वाटलं. हंबीररावांनी कडू तोंडानं फोटो दिला. अंबूबाईनं तो पदरानं पुसला आणि चालायला लागली. मागं रहिमानचा बँड, मग साहेब, सरपंच आणि गाव.

मळ्याच्या फाट्यावर बाई ओढ्याकडं वळली.

"आवं अंबूआक्का, हिकडं! रहिमान, थांब की रं!"

रहिमाननं तोंडातली पिपाणी काढली. "सरपंच, बँड फोटूच्या मागनं. नेम तुमचाच हाय."

साहेबांनी विजार वर दुमडली. परीटघडीच्या धोतरात हंबीररावही उतरले. पाणी गुडघाभर होतं आणि गारठून टाकणारं. इतकंच अंतर मला तीन वर्षं पार करवलं नव्हतं, याची मला भयंकर लाज वाटली.

दारात तांब्या आणि झाकलेली भाकरी तयारच होती. शेजारची सुलाबाई म्हणाली, "दर साली ठिवती ह्या तारकंला."

हंबीररावांनी फोटो धरायला हात पुढं केले. बाईनं तो रहिमानकडं दिला. भाकरतुकडा ओवाळून टाकला, फोटोतल्या डोळ्यांना पाणी लावलं. मग पायांवर घालायला तांब्या कलता केला आणि थांबली. फोटो छातीपर्यंतचाच होता. तिनं पाणी उंबऱ्यावर ओतलं.

"चल बाबा, लय दमला असशील." फोटो घेऊन ती आत गेली.

"भाषण?" साहेबांनी हळूच विचारलं. हंबीररावांनी खाकरून घसा साफ केला, तेवढ्यात आतून आवाज आला.

"मास्तर, पुढल्या साली फेरी काडू नगा. घरला आलाय त्यो."