बेटावर न्यायची तबकडी

लालासाहेबानं तबकडीवर हलकी फुंकर घातली आणि सुई टेकवली. खोलीत पाऊस पडू लागला. बाहेर औंधचं रखरखीत ऊन होतं, यमाईचा डोंगर तापून पांढरा पडला होता, आणि सेलवर चालणाऱ्या लाल रेकॉर्ड प्लेअरच्या पेटीतून मात्र सरी कोसळत होत्या. मग लांबून घंटा वाजली.

भिंतीशी मांडी घालून बसलेल्या त्याच्या वडिलांचा, नाथाजींचा चेहरा उजळला. त्यांनी हात जोडले.

"देऊळ हाय व्हय रं ह्यांच्याकडं?"

"देऊळ न्हाई आबा. चर्च असंल."

"देवाचंच की मग."

एवढं बोलून होतंय तोवर पेटीतून असा दणका सुटला, की फळीवरची पितळी झाकणी थरथरली. शेजारची चंद्राबाई प्रवासाच्या भाकऱ्या बांधून आणत होती, ती उंबऱ्यातच थबकली. तिची नजर जमिनीवरच्या तबकडीच्या वेष्टनावर गेली. पडक्या घरापुढं काळ्या झग्यातली एक बाई उभी होती.

"आगं बया! ही कंची हडळ? भावजी, पोरगं नोकरीला चाललंय का मसनात?"

"ब्लॅक सॅबथ म्हणत्यात ह्या इंग्रजी बँडला, काकू."

"काय बी म्हणू देत. भाकरी हितं ठेवल्यात. खाशील का हिलाच चारशील?"

आणि कानांवर पदर दाबून ती गेलीसुद्धा.

नाथाजी उठले नाहीत. पलटणीतून हवालदार म्हणून परतल्यापासून ते देवळातल्या प्रत्येक कीर्तनात टाळ घेऊन उभे राहत आले होते. बुवा कसाही असो, रंगणारा वा रेंगाळणारा, आरती होईपर्यंत जागा सोडायची नाही, हा त्यांचा नेम. समोर कुणीतरी जीव तोडून गातंय आणि आपण मधूनच उठून चाललोय, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं. ते या पेटीपुढंही तसेच बसून राहिले. फक्त कपाळावर आठ्या होत्या, आणि बोटं मांडीवर ठेका शोधत चुकत होती.

दुपारच्या एसटीनं लालासाहेब रहिमतपूर स्टेशनला जायचा होता. तिथून रेल्वे, मग बंदर, मग लाँच. समुद्रातल्या एका खडकाळ बेटावरच्या दीपगृहात त्याची वर्षभरासाठी नेमणूक झाली होती. बेटावर माणूसवस्ती नाही. दिवा सांभाळणारे दोघं, आणि आता हा तिसरा. तिथल्या म्हाताऱ्या प्रमुखानं आधीच निरोप धाडला होता: गाणं वाजवायचा शौक असेल तर वाजव, पण तबकडी एकच आण. वर्षभर आम्हालाही तीच ऐकायची आहे, तेव्हा निवडून आण.

मुंबई बंदरात काम शिकताना परदेशी खलाशांकडून मिळवलेल्या चारही तबकड्या त्याच्या जिवाच्या होत्या. सकाळपासून तो एकेक ट्रंकेत घालत होता, काढत होता.

"तुला आवडती कंची?" नाथाजींनी विचारलं.

"सगळ्याच."

"मग कंची बी ने."

"तसं न्हाई आबा. वरीसभर तेच. चुकीची नेली तर यड लागंल मला तिथं."

तो हसला. पण हसताना त्यानं मान खाली घातली. नाथाजी त्याच्याकडं बघत राहिले.

"लाव फुडची," ते म्हणाले.

पुढची लेड झेपेलिनची होती.

"हा गातोय का वरडतोय?"

"गातोय, आबा."

"ध्रुपद कुठाय ह्येचं? परत येईल म्हनून मी मगाधरनं वाट बघतोय."

लालासाहेबानं ती तबकडी उतरवली. त्यानं युराया हीप लावली. त्यातले गळे एकमेकांत मिसळून वर चढले तेव्हा नाथाजींची मान जराशी डोलली.

"हे आपल्या भजनावानी हाय जरा."

"मग ही नेऊ?" लालासाहेब आशेनं पुढं सरकला.

"मला काय इचारतोस? मी टाळकरी मानूस."

"आवं, पर तुमीच आत्ता..."

"चौथी लाव."

"ती ऱ्हाऊ द्या. डीप पर्पल हाय, पन लोकांच्या म्होरं वाजवताना घेतलीया. मधीमधी गलका हाय. साफ न्हाई."

"लाव म्हनतो न्हवं."

ती वाजू लागली. नाथाजी भिंत सोडून पुढं झुकले. वाजवणारे काय करत होते याचा त्यांना पत्ता लागत नव्हता. पण एकदा वाद्यं थांबली आणि टाळ्यांचा लोट उसळला. कुणीतरी शीळ घातली, कुणी मागून काहीतरी ओरडलं. नाथाजी डोळे मिटून ऐकत राहिले.

"ही ने."

"ही? का पर?"

"मला त्यातलं काय कळतंय? ही ने."

लालासाहेबानं काळ्या झग्यातल्या बाईची तबकडी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. साफ तबकड्या सोडून आबांनी गलक्याची का निवडली, हे त्याला उमगत नव्हतं. शेवटी गाडीची वेळ झाली म्हणून त्यानं आबांनी सांगितलेली ट्रंकेत सरकवली. पटली नव्हतीच.

स्टँडवर गाडी लागली होती. ट्रंक नि लाल पेटी टपावर चढल्या. लालासाहेब खिडकीशी बसला, पण त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

"आबा, खरं सांगा. का तीच?"

नाथाजींनी खिडकीचा गज धरला.

"बासष्टच्या लढाईनंतर आमी वर बर्फात चौकीला हुतो. रेडिओ हुता. गानी चांगली लागायची, लय साफ. तरी जीव लागायचा न्हाई. का, ते तवा कळलं न्हाई मला." ते खिडकीशी झुकले. "कीर्तन काय एकट्या बुवाचं नसतंय, गड्या. बसल्यालं खोकत्यात, कुनाचं पोरगं रडतंय, कोन मधीच इट्टल म्हनतंय... तुझ्या त्या चार तबकड्यांत मानसं फकस्त एकीतच हायती."

घंटी वाजली. लालासाहेब काहीतरी म्हणाला, पण इंजिनाच्या आवाजात ते ऐकू आलं नाही. नाथाजींनी ऐकल्यासारखी मान हलवली.

धुरळा खाली बसला. ते रिकाम्या घराकडं वळले, चार पावलं गेले आणि थांबले. तेवढ्यात वडूजकडची गाडी आली. पाट्या, गठुडी, कडेवरची पोरं, दारातच कंडक्टरशी हुज्जत घालणारी म्हातारी, सगळा लोंढा खाली उतरला. नाथाजी परत फिरून त्याच्या मधोमध जाऊन तो गलका ऐकत उभे राहिले. धक्के लागत होते, तरी बाजूला झाले नाहीत. हळूहळू सगळे पांगले.

स्टँडवरचा चहावाला भाऊसो मगापासून बघत होता.

"कुनाला न्यायला आलाय, हवालदार?"

"न्हाई. कुनाला न्हाई."

"मग?"

नाथाजींनी रस्त्याकडं पाहिलं.

"फुडची गाडी कवा हाय रं?"

"कुठं जायचंय?"

"जानारी न्हवं," नाथाजी म्हणाले. "येनारी."