चढावर काटा खाली आला तेव्हा

थांबा, थांबा मित्रांनो, बॉनेट इतक्यात बंद करू नका! जरा आत वाकून बघा. रेडिएटरकडून येणारा जाड रबरी पाइप जिथं इंजिनाला जोडलाय, त्याच्या शेजारी अंगठ्याएवढा पितळी तुकडा दिसतोय का? डोक्यावर तारांचा प्लग घातलेला? तोच मी! या गाडीचा जुना तापमानाचा सेन्सर. दिसायला एवढासा, पण माझी कहाणी ऐकाल तर तोंडात बोटं घालाल.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात मुगाच्या दाण्याएवढा मणी बसवलाय, आणि त्याचा स्वभाव भारी गमतीचा! गार असला की हटून बसतो, विजेला सहजासहजी वाट देत नाही. तापला की मऊ पडतो आणि वीज सुळकन जाऊ देतो. त्यावरून गाडीतला छोटा संगणक ओळखतो की इंजिन किती तापलंय. मग तो चालकासमोरच्या तबकडीवरचा काटा हलवतो, गरज पडली तर पंखा सुरू करतो. मी कायम कूलंटमध्ये, म्हणजे त्या हिरव्या पाण्यात, बुडालेला असतो. अंगाला जे लागेल तेच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. आम्हा सेन्सरांचा हा धर्मच आहे म्हणा ना!

ही गाडी सूनबाईंची. त्या लोकांना गाडी शिकवतात. त्यांचे सासरे, म्हणजे बाबा, दिवसभर "सूनबाई, सूनबाई" करत हाका मारतात, म्हणून सगळी गल्लीच त्यांना सूनबाई म्हणते. त्यांची शिकवण्याची एक खोड होती. वळण आलं, चढ आला, की विचारायच्या, "काटा कुठंय?" शिकणाऱ्यानं लगेच ओरडायचं, "मध्ये!" म्हणजे तापमान ठीक. माझ्याबद्दल दिवसभर विचारणा! माझी छाती कशी फुगायची सांगू!

सगळे दिवस सारखे नव्हते हं. मध्यंतरी कूलंट कमी झालं की कुणीही नळाचं पाणी ओतायचं. त्यातल्या क्षारांनी माझ्या अंगावर पांढरी पुटं चढली. इंजिन तापलं तरी मला उशिरा कळायचं, पंखा उशिरा फिरायचा. प्लगमध्येही हिरवा गंज चढला. शेवटी गॅरेजवाल्या मामांनी मला घासूनपुसून लख्ख केलं, योग्य कूलंट भरलं, तेव्हा कुठं मी माणसात आलो.

आणि मग बाबांनी घोषणा केली, "मी गाडी शिकणार!" त्यांच्या बायकोचे, म्हणजे आजींचे, गुडघे बसची पायरी चढेनात. त्यांची बहीण राहते टेकडीपलीकडे, दोघींची कित्येक दिवसांत भेट नाही. बाबांनी शब्द दिला, "तुला मी नेईन." आजी हसून म्हणाल्या, "अहो, तुम्ही तर उभ्या सायकलवरून पडता!" पण बाबा इरेला पेटले. शिकले की हो!

परीक्षेचा दिवस उजाडला. बाबा स्टिअरिंगवर, शेजारी परीक्षक साहेब, मागे सूनबाई. साहेबांनी आधीच बजावलं, "टेकडीचा चढ न थांबता चढायचा. आणि शिकवणाऱ्यांनी तोंड उघडायचं नाही. उघडलंत तर परीक्षा रद्द."

अर्धा चढ झाला आणि फट्! माझ्या शेजारचा पाइप खालच्या बाजूनं फाटला. कूलंट भळाभळा रस्त्यावर! क्षणात मी कोरडा. इंजिन भट्टीसारखं पेटलेलं, पण मला शिवायला पाणीच नाही, नुसती हवा! मी तरी काय सांगणार? जे लागलं ते सांगितलं, आणि काटा घसरला खाली. अरे देवा! मी खरं सांगत होतो आणि सगळं चुकत होतं! मागे सूनबाईंनी काटा पाहिला. त्यांनी ओठ घट्ट दाबले. त्याही मुक्या, मीही मुका. आणखी थोडं चढलो असतो तर इंजिनाचं भाजून मडकंच झालं असतं!

तेवढ्यात पुढं वळण आलं आणि बाबा सवयीनं स्वतःलाच म्हणाले, "काटा कुठंय?"

"काय?" साहेब दचकले.

"खाली! चढ चढतोय आणि काटा खाली? छे, छे, हे लक्षण बरं नाही!"

बाबांनी गाडी कडेला घेतली, दिवे लुकलुकते केले, इंजिन बंद.

"अहो, थंड झालं असेल! चला!" साहेब वैतागले. "थांबलात तर नापास व्हाल."

"नापास तर नापास!" बाबा म्हणाले. "सूनबाईची गाडी मी जाळणार नाही."

बॉनेट उघडलं तर वाफेचे लोट. साहेबांचा हात रेडिएटरच्या झाकणाकडे गेला, तसं बाबा कडाडले, "हात लावू नका! भाजाल!" साहेबांनी हात मागे घेतला. नियम म्हणजे नियम, बाबा नापास झाले. सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, पण गाडी वाचली होती.

गॅरेजात मात्र माझ्यावरच बालंट! मामा म्हणाले, "सेन्सर गेला. काटा खोटं दाखवत होता. फेकून देऊ."

माझा जीव टांगणीला लागला. बाबा म्हणाले, "मामा, पाणीच नव्हतं, तो बिचारा मोजणार काय? आधी परीक्षा घ्या त्याची."

मला पातेल्यात सोडलं, शेजारी थर्मामीटर, तारांना विजेचा अडथळा मोजणारा मीटर, खाली शेगडी. पाणी तापू लागलं, मणी मऊ पडू लागला, मीटरचा आकडा उतरू लागला, अगदी हवा तसा! "पास!" मामा ओरडले. मित्रांनो, परीक्षा बाबांची होती आणि पास मी झालो!

नवा पाइप, नवं कूलंट, आणि मी माझ्या जागी. पुढच्या खेपेला बाबा पास झाले, आणि दुसऱ्याच सकाळी आजी नवी साडी नेसून पुढच्या सीटवर बसल्या.

म्हणून म्हणतो, घरच्या मोठ्यांना सांगा. इंजिन गार असताना कूलंट बघा, नळाचं पाणी ओतू नका, माझा प्लग कोरडा ठेवा. आणि काटा वर गेला तर थांबाच, पण चढावर एकदम खाली आला तरी थांबा. मला पाण्यात ठेवा, मी तुम्हाला कधी फसवणार नाही.

तर त्या सकाळी टेकडीचा चढ लागला. आजींनी दाराची मूठ घट्ट धरली.

"अहो, काटा कुठंय?"

"मध्ये!" बाबा गरजले, आणि थोड्याच वेळात माथ्यावरून पलीकडे आजींच्या बहिणीचं घर दिसू लागलं.