गुळव्याचं नाक

काष्टीच्या काकासाहेबांचं गुऱ्हाळ आमच्या कारभाऱ्याच्या नाकावर चालायचं, ह्ये मी कुनाच्याबी तोंडावर सांगंन. कारभारी गुळव्या. उसाचा रस उकळून पाक झाला की काहील, म्हंजी रसाची मोठी कढई, कवा उतरवायची, ह्ये त्यांनी वासावर सांगायचं. आधी उतरवली तर ढेप बसत न्हाई, उशीर झाला तर पाक करपतो. पंधरा वर्सांत त्यांच्या हातनं एक ढेप वाया गेली न्हवती.

आन् त्याच नाकाची ह्या लोकांनी वाट लावली!

काकासाहेबांच्या आज्ज्यापासनं एक रीत हुती. काहील चुलवाणावर चढली की मालकानं सोताच्या हातानं गुळव्याला तपकीर द्यायची. तीबी साधी न्हाई, चुना घातलेली. "नाक कोरडं ठनठनीत पायजे, गोरक्ष," काकासाहेब म्हनायचे. "शेंबड्या नाकाला वास काय कळनार?" दिसाला चार काहिली, चार चिमटी. नको म्हनलं तर मालकाचा अपमान.

मंग नाक चोंदायला लागलं. कपाळ ठनकायचं, गालाखाली दुखायचं, घशात घान उतरायची. तीन वर्सं ह्येच. सांगितलं की काकासाहेब एका चिमटीच्या दोन चिमटी करायचे. काय डोकं म्हनावं हे!

बांगलादेशची लढाई झाली त्या साली, दिवाळीनंतर, एक काहील करपली. चुलवाणात चिपाडं घालनाऱ्या बायांनाबी वास आला, ह्यांना आला न्हाई. चार मानसांत काकासाहेब म्हनले, "गोरक्ष, तुजं नाक गेलं. घरी बस." दुसऱ्या दिशी श्रीगोंद्याचा मच्छिंद्र ह्यांच्या जागी उभा.

कारभारी घरी आले आन् गप बसले. रागाच्या भरात माजी भाकर तव्यावर काळी झाली, घर धुरानं भरलं. त्यांनी ती मुकाट्यानं खाल्ली. "करपलीय, कळंना का?" मी इचारलं. ते माज्याकडं बगतच राह्यले. धुराचाबी वास त्यांना आला न्हवता.

मी त्यांना यष्टीत घालून भिंगारला नेलं. तिथं एक डाक्टरीनबाई नाकाचं बगायच्या. त्यांनी बॅटरी लावून आत पाहिलं आन् कपाळाला आठ्या घातल्या.

"नाकात काय घालता?"

कारभाऱ्यांनी तपकिरीचं सांगितलं.

"आणि चुना?" बाई खुर्चीतनं उठल्याच. "अहो, नाकाच्या आतलं ओलं अस्तर म्हणजे शरीराची राखण आहे. त्यावरचं चिकट पाणी धूळ आणि रोगजंतू धरून ठेवतं. त्याच पाण्यात जंतूंना मारणारं औषध शरीर स्वतः तयार करतं. मग बारीक केसांसारखे तंतू ती घाण घशाकडं ढकलतात. तुम्ही ते सगळं रोज चार वेळा जाळलंत. राखणच उरली नाही, म्हणून गालाच्या आणि कपाळाच्या पोकळ्यांत पू साठलाय."

मी तिथंच ह्यांच्यावर उखडले. "अवो, तुमी गुळव्या ना? रानभेंडी ठेचून तिचं चिकट पानी काहिलीत कशाला घालता?"

"रसातली घान, मळी धरायला," ते हळूच म्हनले.

"मंग सोताच्या नाकातली भेंडी जाळताना कुटं गेल्ती अक्कल?"

डाक्टरीनबाई हसल्या. मला हसू आलं न्हाई. बाईंनी गोळ्या दिल्या, मिठाच्या कोमट पान्यानं नाक धुवायला सांगितलं, तपकीर कायमची बंद. "वास परत येईल का?" कारभाऱ्यांनी इचारलं. "येईल असं वचन देत नाही," बाई म्हनल्या.

चार महिने मी पानी कोमट करून दिलं. नाक वाहायला लागलं तसं लोक हसले, "गुळव्याला पाझर फुटला!" हसा म्हनलं, हसा.

शिमग्याच्या आदुगर मच्छिंद्राच्या दोन काहिली बिघडल्या आन् तो पळून गेला. काकासाहेबांचा निरोप आला. कारभारी निघाले, मागनं मी.

काहील चढली, रसात भेंडीचं पानी पडलं. काकासाहेबांनी डबी उघडली आन् चिमूट पुढं केली. सगळे बगत हुते. कारभाऱ्यांचा हात, देवा, वर गेला!

माजं डोकं फिरलं. "थांबा मालक! आधी एक काहील भेंडीबिगर करून दावा. तिचा गूळ पिवळा निघाला तर ह्यांचं नाक खुशाल जाळा!"

"रतनबाई, ही आमच्या घरची रीत हाय," काकासाहेब कडाडले.

"नाक आमच्या घरचं हाय!"

कारभाऱ्यांनी वर केलेला हात मागं घेतला आन् जोडला. "मालक, तपकीर नगं. तशीच ही काहील करू द्या. बिघडली तर परत तोंड दावनार न्हाई."

काकासाहेबांनी डबी खाडकन मिटली. जा म्हनले न्हाईत, ऱ्हा म्हनले न्हाईत.

पाक रटरटाया लागला. कारभारी काहिलीवर वाकले. नाक वाहत हुतं, ते बाहीनं पुसत हुते. मीबी नाकावरचा पदर काढून दोन्ही नाकपुड्या फुगवून वास घेत हुते. म्हनलं, ह्यांना न्हाई कळलं तर मी वरडंन, मंग काकासाहेब काय करायचं ते करू देत.

"उतरवा!" कारभारी वरडले.

गड्यांनी काहील उचलली, पाक गार करायच्या वाफ्यात पडला. पिवळाधमक, कुटं काळा डाग न्हाई.

मला अजून पाक झाल्याचा वासच आला न्हवता.