न आलेल्या पाव्हण्याची बोळवण

मी कणगी बोलतेय. भात साठवायची, बांबूच्या कामट्यांची, माणसाच्या उंचीची कणगी. धसईच्या पलीकडे आमचा पाडा आहे, तिथे हिरीच्या घराच्या पडवीत मी उभी असते. उभी म्हणायचं एवढंच. रिकामी असल्यामुळे वारा आला की हलते, कोंबडी धडकली की हलते. भरलेली कणगी कशी, घरातल्या मोठ्या माणसासारखी एका जागी गप्प असते. मीही तशीच राहिले असते, पण टीव्हीवाल्यांनी मला अंतराळयान केलं.

हसलात ना? हसा. आमच्या पाड्यात मात्र या गोष्टीवर कितीतरी वर्षं कोणी हसलेलं नाही.

मला विणलं महादूने, हिरीच्या नवऱ्याने. काम करताना तो बोलत नसे आणि इतर वेळीही फारसं नाही. त्याच्या वाटणीचं हिरीच बोलून घ्यायची. तिने मला आतून-बाहेरून शेणमातीने सारवलं, दगडांवर उभं केलं आणि माझ्यात झिनी जातीचं भात ओतलं. ओतताना ती गुणगुणत होती, कारण ती धवलारीण. लग्नात मांडवाखाली धवले गाणारी बाई. तिच्या गाण्याशिवाय आमच्याकडे लग्नाला कोणी लग्न म्हणत नसे.

आधी ती आवतण गायची. गावदेवीला, वेशीवरच्या देवाला, मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन लग्नाला या म्हणायची. लग्न लागून जेवणं झाली की त्याच सगळ्यांची बोळवण गायची. बोलावलेल्याला नीट परत पोचवायचं असतं, नाहीतर तो घर धरून बसतो, असं आमच्यात मानतात. हे गाणं एकटीचं नव्हे. एकीने ओळ टाकायची, दुसरीने झेलायची. हिरीची ओळ झेलायची शकू, समोरच्या घरातली. दोघींचं एवढं जमायचं की एकीचा श्वास कुठे संपला आणि दुसरीचा कुठे सुरू झाला हे मलाही कळत नसे, आणि मी तर दाराआडून रोजचा सराव ऐकायची.

तेव्हा पाड्यात एकच टीव्ही होता, शाळेतला. एके दिवशी मुंबईहून जीप आणि टेम्पो आला. विज्ञानाच्या कुठल्याशा मालिकेचा एक भाग त्यांना आमच्या तळ्यावर करायचा होता. गोष्ट अशी, की एका गावच्या तळ्याखाली फार जुन्या काळापासून एक यान रुतून बसलंय. गाव त्याला भूत समजून नैवेद्य दाखवतं. मग चष्मेवाला शास्त्रज्ञ येतो आणि सांगतो, हे भूत नव्हे, हा दुसऱ्या ग्रहावरचा प्रवासी. तेवढ्यात गावातली एक बाई मंत्र म्हणून त्याला जागं करते आणि विज्ञान राहतं बाजूला, भुताटकीच सुरू होते.

त्यांचं थर्माकोलचं यान मुरबाडच्या पुढच्या खड्ड्यांत मोडलं होतं. त्यांचे दिग्दर्शक, टोपीवाले साहेब, डोकं धरून हिरीच्या ओटीवर बसले, चहा प्यायले आणि त्यांची नजर माझ्यावर गेली. झालं. माझ्यातलं भात पोत्यांत गेलं, माझं सारवण खरवडलं, मला उपडं केलं आणि अंगभर चंदेरी ऑइलपेंट फासला. तळ्यावर नेऊन आत दिवा लावला, आणि सर्दीने बेजार झालेला एक काटकुळा नट पट्ट्या गुंडाळून बसवला. तो सारखा शिंकायचा आणि दर शिंकेनंतर मला सॉरी म्हणायचा. स्वभावाने बरा होता.

मंत्र म्हणणारी नटी गाडी लागून आडवी झाली होती. साहेबांनी हिरीला उभं केलं.

"बाई, तुम्हीच बोलवा त्याला. तुम्ही एरवी जसं बोलावता, अगदी तसंच."

"मला बोलवायची येकच रीत ठावं हाय," हिरी म्हणाली आणि तिने लग्नाचं आवतण धरलं. गावदेवीला बोलावलं, वेशीवरच्याला बोलावलं, आणि घरातल्या माणसांची नावं येतात त्या जागी म्हणाली, तळ्यातल्या पाव्हण्या, तू बी ये. शकू कॅमेऱ्याच्या बाहेर बघायला उभी होती. ओळ कानावर पडल्यावर तिला गप्प राहवेना. तिने सवयीने झेलली.

मला दोरीने वर उचललं, नट बाहेर आला, साहेब खूश झाले.

"मंग बोळवण कवा घेताय?" हिरीने विचारलं.

"ती नको, बाई. आपला भाग इथेच संपतो."

गाणं अर्धं राहिलं म्हणून हिरी दिवसभर चुटपुटत होती. बाकी तिच्या मनात काही नव्हतं.

पुढे तो भाग शाळेत सगळ्या पाड्याने पाहिला. मी पुन्हा पडवीत होते, मला फक्त लोकांचे जाणारे आणि परत येणारे पाय दिसले. जाताना रमतगमत गेले होते, येताना पोरांना छातीशी धरून भराभर चालत होते. टीव्हीत म्हणे धूर होता, लाल डोळे होते, आणि हिरीच्या गाण्यावर तळं उकळत होतं. ज्यांनी त्या शिंकणाऱ्या माणसाला स्वतःच्या हाताने चहा दिला होता, त्यांचाही चहावरचा विश्वास उडाला आणि धुरावर बसला. माणसांचं हे मला अजून उमगलेलं नाही.

तरीही ते विसरले असते. पण लगेच शकूच्या दिराचं, किशोरचं लग्न आलं. हिरी आणि शकू गायल्या, लग्न लागलं, आणि अंगाची हळद जायच्या आत किशोर तापाने फणफणला. कल्याणच्या इस्पितळातून जिवंत आला, पण एक पाय कायमचा ओढत. मग पाड्यात एकच बोलणं झालं. हिरीने त्याला बोलावलं, पण बोळवलं नाही. तो इथेच आहे, त्या कणगीत. आता ही जिथे आवतण गाईल तिथे तो आधी येऊन बसेल.

होळीत मला जाळायला माणसं आली होती. महादू माझ्यासमोर येऊन बसला. "माझ्या हातची हाय. मला इचारल्याबिगर कोन जाळतो ते बघतो," म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं मोठं वाक्य ऐकून माणसं परत गेली. पण माझ्यात पुन्हा भात पडलं नाही. ऑइलपेंटवर सारवण धरत नाही, वाळलं की पापडासारखं सुटतं, आणि फटी असलेल्या कणगीत भात कोण ठेवणार?

हिरीला लग्नाची बोलावणी यायची थांबली. शकू मात्र एकदा आली होती, संध्याकाळी, डोक्यावर पदर घट्ट ओढून.

"हिरे, तू येकदा बोल का तो आला व्हता. येवढंच बोल. मंग आपुन दोघी मिळून बोळवू त्याला."

"जो आलाच नाय त्याला बोळवू कशी गो? देवांच्या नावात मी खोटं नाय घालनार."

"माझ्या दिराचा पाय गेला."

"तापानं गेला, शके."

शकू उठून गेली. समोरासमोरची दारं, तरी त्यानंतर दोघींचं बोलणं नाही. महादू गेला तेव्हा शकू आली, रडली आणि न बोलता परत गेली. मला दोघींचाही राग यायचा. आणि खरं सांगू? माझ्यात कोणी नाही हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण इतकी वर्षं जो तो माझ्यापासून चार हात लांबून जायला लागला, तशी मीही कधीकधी स्वतःच्या आत कान लावायला लागले. कुठे काही खुट्ट झालं की वाटायचं, कोण रे? उंदीर असायचा. उंदीर निघाला की बरं वाटायचं आणि थोडं वाईटही.

यंदा हिरीच्या नातीचं, समीक्षाचं लग्न ठरलं. ती वाशिंदच्या कंपनीत कामाला आहे, नवरा मुलगा प्रज्वल तिथलाच. हिरीने कोणाकडे काही मागितलं नाही, पण रात्रंदिवस तिचे ओठ हलताना मी पाहत होते. पोरीचं लग्न आपल्या गाण्याने लागावं, एवढीच तिची इच्छा. पाड्यातल्या बायकांनी निरोप पाठवला की हिरी गायली तर आम्ही मांडवात बसणार नाही.

समीक्षा भडकली. "आजी गानार. ज्याला यायचा नाय त्यानं घरी बसावा."

"येकटीनं धवला व्हत नाय, बाय," हिरी म्हणाली. "झेलनाऱ्या बाकीच्या मेल्या. येक शकू उरली."

त्या दिवशी समीक्षाने तो जुना भाग मोबाइलवर शोधून काढला. कोणीतरी टाकलाच होता. माझ्याच बुडाशी बसून तिने तो पाहिला आणि मी पहिल्यांदा स्वतःला पाहिलं. बरी दिसत होते. गाणं आल्यावर समीक्षा थबकली, मागे जाऊन पुन्हा ऐकलं.

"आजी, तुझ्या मागं दुसरी कोन गातेय?"

हिरीने समोरच्या दाराकडे पाहिलं. समीक्षा समजली. शकूचं तोंड कॅमेऱ्यात आलं नव्हतं, म्हणून तिचं नाव कोणी घेतलं नाही. आवाज मात्र होता. बोलावलं दोघींनी होतं. दिराला लंगडताना बघत ही बाई इतकी वर्षं काय मनात धरून जगली असेल, ते मला तेव्हा कळलं.

पोरगी मोबाइल घेऊन तडक समोर गेली. शकूने ऐकलं, पदराचं टोक तोंडात धरलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मांडव आमच्याच अंगणात, माझ्यासमोर पडला. लग्नाला हिरी एकटीच गायली. ओळ टाकायची, स्वतःच झेलायची. दम लागत होता. बायका आल्या होत्या, पण मांडवाच्या कडेला, चपला न काढता उभ्या होत्या. मध्येच आवाज चिरकला तेव्हा समीक्षाने मुंडावळ्या बाजूला करून आजीकडे पाहिलं. लग्न लागलं, जेवणं झाली. दुपार कलायला लागली तशी हिरीने बोळवणीची पहिली ओळ टाकली आणि श्वास घ्यायला थांबली.

ती ओळ मागून कोणीतरी झेलली. आवाज म्हातारा होता, पण जागा बरोबर घेतली होती. शकू मला टेकून उभी होती. मला हात लावायला कोणी धजत नाही आणि ही टेकून उभी होती. तिची सगळी थरथर माझ्या कामट्यांत उतरत होती.

"मी बोलवाय नाय आले, हिरे," ती म्हणाली. "बोळवाय आले."

दोघींनी गावदेवीला पोचवलं, वेशीवरच्याला पोचवलं. महादूचं नाव घेऊन त्यालाही पोचवलं. मग ती जागा आली. हिरी थांबली. मांडवाच्या खांबापाशी किशोर उभा होता, एका पायावर भार देऊन. हिरीने त्याच्याकडे पाहिलं, शकूकडे पाहिलं. देवांच्या नावात खोटं घालणार नाही म्हणणारी ही बाई. मला वाटलं, आता ही गप्प बसणार आणि सगळं पुन्हा होतं तिथेच राहणार.

"तळ्यातल्या पाव्हण्या, तू बी जा," हिरीने ओळ टाकली.

शकूने झेलली. झेलता झेलता रडायला लागली, पण सूर सोडला नाही. कडेच्या बायका एकेक करून चपला काढून आत येऊन बसल्या.

गाणं संपल्यावर शकूने अगदी हळू विचारलं, "गेला का गो?"

हिरीने माझ्याकडे पाहिलं.

"गेला," ती म्हणाली.

लग्न होऊन आता महिने झाले. रोज दुपारी दोघी माझ्या सावलीत बसून शेंगा सोलतात आणि भांडतात. तुम्ही कधी आमच्याकडे आलात, तर माझं एवढं ऐका. तो खरंच आला होता का, हे हिरीला विचारू नका. तिला दुसऱ्यांदा तेच सांगावं लागेल, आणि ती सांगेल. विचारायचंच असेल तर शेंगा संपवून दोघी उठल्या की मला विचारा.