उसनी बाटली

"अध्यक्षमहाराज, आता मी जे सांगणार आहे त्यावर इथला एकही माणूस विश्वास ठेवणार नाही," वेंडेल टॅकेट माइकला जवळजवळ ओठ लावून म्हणाला, "आणि कोणी ठेवलाच, तर त्याच्या बायकोनं त्याला एकट्याला बाजारात पाठवू नये."

राज्याच्या राजधानीत, लिटल रॉकमधल्या विधिमंडळ समितीच्या त्या सभागृहात सकाळपासून पहिल्यांदाच कोणीतरी हसलं. वेंडेलला बरं वाटलं. नदीकाठी कॅटफिश मासे तळून विकणारा माणूस तो. गावातल्या आर्डिथ मेबरीच्या औषधाच्या दुकानाबाहेर जो बाक आहे, त्यावर त्याच्याइतकं सफाईदार खोटं कोणी बोलत नसे. म्हणूनच येताना गाडीत आर्डिथबाईंनी बजावलं होतं, "वेंडेल, आज खरं बोलायचंय. ती कोंबडी आणू नकोस मध्ये."

"कोंबडी खरी आहे, बाई."

समितीपुढचं विधेयक एवढंच म्हणत होतं की, विम्यातून कुणाला कुठलं औषध, कुठून आणि किती दरानं मिळायचं हे जी कंपनी ठरवते, तिच्या मालकीचं औषधाचं दुकान असू नये. वेंडेलनं ते आपल्या भाषेत सांगितलं. "मासे धरायच्या स्पर्धेत वजनकाटा ज्याच्या हातात, त्यानंच शेजारी गळ टाकून बसू नये. बास. बाकीची पानं वकिलांनी पोटासाठी लिहिलीत."

त्याच्या मागच्या खुर्चीत त्याची बहीण लॉइस बसली होती. इतका उकाडा असून पूर्ण बाह्यांचा सदरा, मनगटापर्यंत गुंड्या लावलेला. शाळेची बस चालवायची ती. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा वेंडेलनं आपली एक दिली होती. दर थँक्सगिव्हिंगला टर्की कापताना तो म्हणायचा, "माझा माल तुझ्याकडे ठेवायला दिलाय, जपून वापर." आणि ती म्हणायची, "इतका आळशी अवयव बघितला नाही बाबा. मालकावर गेलाय." मागच्या थँक्सगिव्हिंगला मात्र टर्की कापताना तो फक्त पावसापाण्याचं बोलला होता.

"तर ती किडनी परकी आहे हे शरीराला कळू नये म्हणून रोज औषध लागतं," वेंडेल सांगू लागला. "आर्डिथबाई द्यायच्या. मग कंपनीनं कळवलं, आता तिथून नाही, आमच्याच दुकानातून टपालानं येईल. आलं की. आमच्या गावाच्याच नावाचं दुसरं एक गाव आहे दूर उत्तरेला, मोंटाना राज्यात, आधी तिथं गेलं. मग समुद्र बघून आलं. मी जन्मात राज्याबाहेर गेलो नाही, अध्यक्षमहाराज, पण त्या पार्सलनं सगळा देश बघितला. मी कंपनीला फोन लावला. थांबा म्हणाले, गाणं लावलं. कान दुखला म्हणून फोन खुराड्यावर ठेवला, तर कोंबडी त्यावर जाऊन बसली. अंडी उबवून पिल्लं बाहेर आली तरी गाणं चालूच. ती पिल्लं आजही त्याच चालीत ओरडतात."

सभागृह खदखदून हसलं. आर्डिथबाईंनी कपाळाला हात लावला.

त्या हसण्याच्या आडून वेंडेलच्या डोळ्यांपुढे त्या दिवसांतले लॉइसचे पाय येत होते. रोज थोडे जास्त सुजणारे. आधी बूट बसेनात, मग सपाताही. आर्डिथबाईंनी आपल्या फळीवरच्या उरलेल्या कॅप्सूल देऊन टाकल्या होत्या. नवी बाटली मागवायची ताकद दुकानात नव्हती. बाई औषध द्यायच्या तेव्हाही त्याचा खरेदीभावसुद्धा कंपनी त्यांना देत नव्हती.

"मग मी बहिणीला पिकअपमध्ये घातलं आणि शेजारच्या गावी, कंपनीच्याच दुकानाच्या खिडकीशी नेलं. आत टॉबिन होता, आर्डिथबाईंच्या हाताखाली शिकलेला. बाटली त्याच्या मागे फळीवर. मला नाव वाचता येत होतं. टॉबिन म्हणाला, 'वेंडेलकाका, संगणक म्हणतो तुमचं औषध पाठवून झालंय. दोनदा देता येत नाही.' म्हटलं, 'मग ते आहे कुठं?' म्हणाला, 'वाटेत.' मी विकत घ्यायला निघालो, तर किमतीत पिकअप, कढया आणि मी, तिघंही गेलो असतो. तेव्हा आर्डिथबाईंनी त्याला फोन केला. 'टॉबिन, ती बाटली मला उसनी दे.'"

ही त्या मुलखातली जुनी रीत. शेजारणीकडून वाटीभर पीठ आणावं तशी औषधवाले एकमेकांकडून बाटली आणत, माल आला की परत करत. शिकत असताना टॉबिननं स्वतः अशा किती बाटल्या पोचवल्या होत्या. पण आता त्याच्या फळीचा मालक आणि त्या संगणकाचा मालक एकच होता.

माइकसमोरचा, वेळ संपत आल्याचा दिवा पिवळा झाला. वेंडेल थांबला.

"मग?" अध्यक्षांनी विचारलं. सगळे पुढे झुकले होते, बाकावर झुकत तसेच. आजवर वेंडेलनं एकही गोष्ट हरून संपवली नव्हती. आणि पाठीमागे लॉइसचा श्वास ऐकू येत होता, जड, पायऱ्या चढून आल्यासारखा. तिच्या देखत ते वाक्य त्याला बोलवेना. त्यानं घाम पुसला.

"मग टॉबिननं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि बाटली कागदी पिशवीत घालून खिडकीतून सरकवली. म्हणाला, 'बाईंना सांगा, पीठ पाठवलंय.' लॉइसनं गाडीतच कॅप्सूल गिळली. नदीवरचा पूल येईपर्यंत सूज अशी उतरली, की पायातले बूट गळून खाली पडले."

टाळ्या पडल्या. अध्यक्षसुद्धा हसले. पहिल्या रांगेतला कंपनीचा वकील मात्र उठला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "म्हणजे आमच्याच दुकानानं मदत केली. श्रीयुत टॅकेट यांचे आभार. नुकसान कुणाचंच झालं नाही, याची नोंद व्हावी."

वेंडेलनं तोंड उघडलं. दिवा लाल झाला होता, माइक बंद. आर्डिथबाईंकडे बघायची त्याला हिंमत होईना.

मागे खुर्ची सरकली. लॉइस उभी राहिली आणि बाहीच्या गुंड्या सोडू लागली.

"वेंडेल, तू बस आता," ती म्हणाली. "अध्यक्षमहाराज, कोंबडी खरी आहे, मी बघितलीय. बाटली खोटी. बूट पडतील कसे, बूट पायात नव्हतेच. टॉबिननं रडत रडत खिडकी लावून घेतली, आणि ह्याची किडनी माझ्या पोटात मेली. हा हात बघा. इथं सुया टोचून रक्त धुवायला मला मशीनला जोडतात. आजची खेप चुकवून आलेय मी."